आळोखेपिळोखे

आपल्या व्याख्यानमालेतील एक दृश्य आम्ही मागच्या रांगेत बसून वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. वक्त्याचे भाषण संपते, चिटणीस आभार मानण्यासाठी उठतात, आणि तोच मंडपात एकदम हालचाल सुरू होते. कुणी दोन्ही हात डोक्यावर नेऊन बोटे मोडतो, कुणी कमरेला हातांचा आधार देऊन मागे वाकतो, कुणी मान या खांद्यावरून त्या खांद्यावर नेतो. वक्त्याला वाटते, लोक कंटाळले होते. नेहमीच तसे असते असे नाही. दीड तास लोखंडी खुर्चीत एकाच बैठकीत घालवल्यावर शरीर आपली मागणी पुढे करते, एवढाच त्याचा अर्थ. या मागणीला मराठीत एक जुना आणि चपखल शब्द आहे, आळोखेपिळोखे. झोपेतून उठलेले मांजर पुढचे पाय लांब करून पाठ ताणते. त्याला हे कुणी शिकवलेले नसते. माणसाला मात्र चारचौघांत असे करणे असभ्यपणाचे वाटते, म्हणून तो बिचारा आभारप्रदर्शनाची वाट पाहत बसतो.

यंदा चिटणीसांनी आम्हांला बोलावले तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. कामगार संघटनेचा माणूस दुसरे काय बोलणार? आम्ही विषय सांगितला तेव्हा ते हसले. "अहो, हा विषय डॉक्टरांचा, नाहीतर योगशिक्षकांचा," असे त्यांचे म्हणणे पडले. ते खोटे नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते नगरवाचनालयात झाले. परंतु आखडलेली कंबर, धरलेली मान, लचकलेला पाय या गोष्टी आमच्या कचेरीत रोज येतात, आणि रजेचा अर्ज, भरपाईचा दावा, कापलेला पगार अशा रूपाने येतात. त्यांच्या मुळाशी काय आहे हे समजून घेणे आम्हांला भागच पडले.

पहिला धडा मिळाला तो मागावर. आम्ही सोळाव्या वर्षी इचलकरंजीत यंत्रमागावर लागलो. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली या गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून कितीएक पिढ्यांच्या पाठी तेथे मागावर वाकल्या आहेत. आमच्याकडे चार माग होते आणि पाळी बारा तासांची. तार तुटली की मागावर ओणवे व्हायचे, टोक शोधून जोडायचे; कांडी संपली की धोट्यात नवी घालायची; पुन्हा ओणवे व्हायचे. धड बसणे नाही आणि धड ताठ उभे राहणेही नाही. आमच्या शेजारच्या मागांवर एक वयस्क विणकर होते, त्यांना सगळे मामा म्हणत. दर दोन-तीन तासांनी मामा दाराशी जात, चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात टेकून छाती पुढे काढून उभे राहत, मग भिंतीला हात लावून एकेक टाच मागे रेटत. आम्ही पोरे त्यांची नक्कल करीत असू. एकदा त्यांनी आम्हांला तसे करताना पकडले आणि म्हणाले, "मागाला दर पाळीला त्याल घालतुयास न्हवं? मग ह्या अंगानं काय पाप केलंय?"

मामांची उपमा आम्हांला फार आवडली आणि पुढे कित्येक सभांत आम्ही ती स्वतःची म्हणून वापरली. पण ती पुरती बरोबर नाही, हे उशिरा कळले. मागाच्या लोखंडी दांड्याला तेल घातले नाही तर तो झिजेल, परंतु त्याची लांबी काही कमी होणार नाही. स्नायूचे तसे नाही. स्नायू जिवंत आहे, आणि ज्या लांबीत त्याला रोज ठेवावे त्या लांबीला तो आपली घडण जुळवून घेतो. हे कसे घडते ते जरा सविस्तर पाहू.

स्नायू म्हणजे तंतूंची जुडी. प्रत्येक तंतूत बारीक कड्या साखळीसारख्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना सार्कोमिअर म्हणतात, आपण कड्याच म्हणू. एक कडी इतकी लहान की मिलिमीटरभर लांबीत चारशे-पाचशे कड्या मावतात. कडीच्या आत जाड आणि बारीक असे दोन जातींचे धागे असतात. स्नायू आकसतो तेव्हा हे धागे आखूड होत नाहीत, तर एकमेकांत सरकतात. दोन्ही हातांची बोटे एकमेकांत घालून पुढेमागे केली म्हणजे कल्पना येईल. हा शोध १९५४ साली दोन जोड्यांनी स्वतंत्रपणे, पण एकाच वेळी प्रसिद्ध केला. एका जोडीत अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के होते, दुसरीत ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन. दोघे हक्सली निराळे, एकमेकांचे नातलगही नव्हेत. आम्ही प्रथम वाचले तेव्हा ही छापखान्याची चूक समजलो होतो. याशिवाय कडीत टायटिन नावाचे एक प्रचंड लांब प्रथिन असते. ते स्प्रिंगेसारखे काम करते, आणि आपण स्नायू ताणू लागलो की त्याला मागे खेचते.

आता खरी गंमत. १९७२ साली टाबारी, गोल्डस्पिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या पोटरीतील एका स्नायूवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मांजरांचा पाय त्यांनी असा प्लॅस्टरमध्ये घातला की तो स्नायू सतत आखूड स्थितीत राहावा. काहींचा असा की तो लांबलेला राहावा. आखूड ठेवलेल्या स्नायूतील सुमारे ४० टक्के कड्या काही आठवड्यांत नाहीशा झाल्या. लांब ठेवलेल्यात सुमारे एक पंचमांश कड्या नव्याने वाढल्या. आणि प्लॅस्टर काढल्यावर काही आठवड्यांतच कड्यांची संख्या पुन्हा पूर्ववत झाली. म्हणजे स्नायूची लांबी ही काही जन्माबरोबर मिळालेली कायमची इस्टेट नव्हे. वापर नसेल तर ती कमी होते, आणि वापर सुरू झाला की परत मिळते.

कुणी म्हणेल, मांजराचा पाय रात्रंदिवस बांधलेला होता. आपण तर उठतो, बसतो, चालतो. हा आक्षेप योग्य आहे. पण माणसांचेही एक उदाहरण आहे. निदान दोन वर्षे, आठवड्यातले पाचेक दिवस उंच टाचांची पादत्राणे घालणाऱ्या स्त्रियांची तपासणी मँचेस्टरच्या संशोधकांनी केली आणि ती २०१० साली प्रसिद्ध झाली. त्यांच्या पोटरीतील तंतू इतर स्त्रियांपेक्षा दहा टक्क्यांहून अधिक आखूड आढळले, आणि टाचेमागची जाड शीर अधिक ताठर. रात्री पादत्राणे काढली तरी दिवसाचा परिणाम राहिलाच होता.

शहरगावच्या माणसाची उंच टाच म्हणजे त्याची खुर्ची. आमच्या आजोबांच्या पिढीत माणूस उकिडवा बसून दात घासत असे, उकिडवा बसून बिडी ओढत असे, आणि शौचालाही तसाच बसे. त्यामुळे पोटरी, घोटा आणि खुबा दिवसातून पाच-सहा वेळा पूर्ण वाकत. त्यासाठी वेगळ्या व्यायामाची गरज नव्हती. आज आपल्यापैकी किती जणांना टाचा जमिनीला टेकवून उकिडवे बसता येते, हे घरी गेल्यावर पाहावे. (गुडघे दुखत असतील त्यांनी हा प्रयोग करू नये, उगाच आमच्या नावाने बोटे मोडाल.) खुर्चीत मांडीच्या मुळाशी पुढचा स्नायू आखूड राहतो, छातीचे स्नायू खांद्यांना पुढे ओढतात, आणि मोबाइलवर वाकलेले डोके सावरण्यासाठी मानेचे मागचे स्नायू तासन्‌तास ताणून धरावे लागतात. सगळा आखडलेपणा कड्या कमी झाल्याने येतो असे मात्र समजू नये. त्यात काही भाग नुसत्या थकव्याचा असतो आणि काही मज्जातंतूंच्या सावधपणाचा. दुखणाऱ्याला त्यातला फरक कळत नाही, त्याला सगळे सारखेच जखडल्यासारखे वाटते.

आम्हीही या खुर्चीतूनच पडलो. माग सुटला, संघटनेचे काम पूर्ण वेळ अंगावर आले आणि आमचा दिवस कचेरीतली खुर्ची आणि मोटारसायकल यांत जाऊ लागला. मामांची चौकट आम्ही विसरलो. २०११ साली एका मोर्चात टेम्पोच्या हौद्यातून भाषण केले आणि जोशात खाली उडी मारली. पोटरीवर मागून कुणी दगड मारला असे वाटून वळून पाहिले. मोर्चात दगड येणे आम्हांला नवीन नव्हते. पण मागे कोणीच नव्हते. पोटरीचा स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सक्तीची विश्रांती दिली. आम्ही कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "एक सांगू की चार? वय चाळिशीपुढे, अंग थंड, पायात ताकद नाही आणि पोटरी दोरीसारखी आखडलेली." ही चार कारणे ध्यानात ठेवावीत. त्यांतले ताणण्याने जाणारे एकच आहे, आणि पुढच्या एका भांडणात हीच गोष्ट आमच्या उपयोगी पडली.

ते भांडण आमच्या जिल्ह्यातील एका कारखान्यातले. व्यवस्थापनाने फर्मान काढले की भोंग्याआधी दहा मिनिटे सर्वांनी पटांगणात यावे आणि अंग ताणण्याचे व्यायाम करावेत. कामगार चिडले, कारण ही दहा मिनिटे पाळीत धरली जाणार नव्हती. आम्हीही सभेत त्या व्यायामाची यथेच्छ टिंगल केली. चूक होती ती आमची. टिंगल करायची होती ती वेळेची, आणि केली व्यायामाची. दोन महिन्यांनी एका कामगाराच्या कमरेत भारी पेटी उचलताना उसण भरली. चौकशीच्या कागदावर पहिलाच प्रश्न होता: सदर कामगार सकाळच्या व्यायामास हजर होता काय? तो त्या दिवशी गैरहजर होता. मग झाले. पेटी किती किलोची, ती एकट्याने का उचलावी लागली, हातगाडी कुठे होती, हे प्रश्न राहिले बाजूला, आणि दोष त्याच्या न ताणलेल्या कमरेवर आला.

तेव्हा आम्ही वाचायला बसलो. पुतण्याने इंटरनेटवरून इंग्रजी निबंध काढून दिले, शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही एकेक पान रेटले. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात भरती झालेल्या १,५३८ जवानांवर एक मोठी चाचणी झाली होती, ती २००० साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तशी दोन गटांत वाटणी करून, एका गटाला कसरतीपूर्वी पायांचे सहा स्नायूगट प्रत्येकी वीस सेकंद ताणायला लावले, दुसऱ्याला नाही. बारा आठवड्यांनी पाहिले तर पायांच्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. २०१४ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी २६,००० हून अधिक माणसांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने खेळातील दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली येतात असे त्यांना आढळले. नुसत्या ताणण्याने त्या कमी होतात असे आढळले नाही. हे कागद आम्ही वाटाघाटीच्या टेबलावर ठेवले. कामाआधी एकदा अंग ताणले की कमरेचा विमा उतरला, अशी समजूत शास्त्राला मान्य नाही, हे व्यवस्थापनाला मान्य करावे लागले आणि त्या कामगाराला रजेचा पगार मिळाला.

वाचकांना वाटेल, मग आमच्या विषयात उरले काय? बरेच उरले. आधी ताणणे आणि नियमाने ताणणे या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत. परीक्षेच्या सकाळी पुस्तक उघडणे आणि वर्षभर वाचणे यांत जेवढा फरक, तेवढा. रोजच्या ताणण्याने सांध्याची हालचाल वाढते, हे निर्विवाद आहे. हात डोक्यामागे जात नसेल तर माणूस माळ्यावरचा डबा काढताना कंबर मोडून घेतो. घोटा वाकत नसेल तर पेटी उचलताना गुडघ्यांऐवजी पाठ वाकते. दुखण्याबाबतही पुरावा आहे. थायलंडमध्ये मानदुखीने त्रासलेल्या कचेरीतील नोकरांना मान आणि खांदे ताणण्याचे व्यायाम दिवसातून दोनदा, आठवड्यातून पाच दिवस, असे चार आठवडे करायला लावले; त्यांचे दुखणे इतरांपेक्षा स्पष्ट कमी झाले, आणि ज्यांनी नेमाने केले त्यांचे अधिक.

करायचे कसे, यातही एक मर्म आहे. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी १९२४ साली दाखवून दिले की स्नायू ओढला गेला की तो उलट आकसतो. स्नायूत चात्यांच्या आकाराची सूक्ष्म इंद्रिये असतात, ती मज्जारज्जूला खबर देतात आणि मेंदूला विचारण्याआधीच आकसण्याचा हुकूम सुटतो. झटका जितका जोराचा तितका हुकूम कडक. म्हणून शाळेच्या कवायतीत आपण पायाच्या अंगठ्याला हात लावण्यासाठी जे हिसके देत असू, ते चुकीचे होते. हळू जावे, ओढ लागली पण वेदना नाही अशा जागी थांबावे, श्वास रोखू नये. १० ते ३० सेकंद, वय झालेल्यांनी अर्धा ते एक मिनिट; एकेका स्नायूला एका वेळी एकूण मिनिटभर मिळावे; आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी, रोज झाले तर उत्तम. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाच्या संस्थेने २०११ साली दिलेला सल्ला साधारण असाच आहे. अंग आधी थोडे तापलेले असावे, म्हणजे चालून आल्यावर किंवा आंघोळीनंतर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हात अधिक खाली पोहोचू लागतो तेव्हा स्नायू लांबला असे लगेच समजू नये. मज्जासंस्था ओढ सोसायला शिकलेली असते, एवढेच. घडण बदलायला त्याहून पुष्कळ वेळ लागतो. येथेच बहुतेक जण सोडून देतात.

कोणते स्नायू? ज्याचे जसे काम. खुर्चीवाल्याने एक गुडघा जमिनीवर टेकून कंबर पुढे न्यावी, म्हणजे मांडीचे मूळ ताणते. उभ्याने काम करणाऱ्याने भिंतीला हात लावून, गुडघा सरळ ठेवून मागची टाच जमिनीला दाबावी. शिलाईयंत्रावर, संगणकावर किंवा पोळपाटावर वाकणाऱ्यांना मामांची चौकट. लिहिणाऱ्याने आणि टंकन करणाऱ्याने हात पुढे सरळ करून दुसऱ्या हाताने बोटे हळूच मागे घ्यावीत. आणि ज्याला एकेक स्नायू मोजत बसण्याचा कंटाळा आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे सूर्यनमस्कार आहेतच. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत ते सुरू केले, आणि १९२८ साली त्यांवर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पुढे वाकणे आणि मागे वाकणे असे आळीपाळीने होत असल्याने त्यात एका बाजूचे स्नायू काम करतात तेव्हा दुसऱ्या बाजूचे ताणले जातात. शिवाय थोडी ताकदही येते, जी नुसत्या ताणण्याने येत नाही. मात्र नुकताच स्नायू फाटला असेल, पायात मुंग्या येत असतील, हाडे ठिसूळ झाली असतील, तर आधी डॉक्टर, मग चौकट.

आता वेळेची गोष्ट. इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. शिंपी आणि चांभार बसून बसून कसे वाकडे होतात, हे त्याने पाहिले आणि निदान सुट्टीच्या दिवशी तरी त्यांनी व्यायाम करावा असे सुचवले. सल्ला चांगला, पण सुट्टी कुठे होती? मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने, १० जून १८९० रोजी, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनी. जपानमध्ये १९२८ सालापासून रेडिओवर सकाळचे व्यायाम सुरू झाले. ते सुरू करण्यात टपाल खात्याच्या विमा विभागाचा पुढाकार होता, आणि मूळ कल्पना एका अमेरिकन विमा कंपनीची. माणूस जितका जास्त जगेल तितके जास्त हप्ते भरेल, हा त्यातला हिशेब आम्हांला फारच प्रामाणिक वाटतो. युद्धानंतर ते बंद पडले, १९५१ साली पुन्हा सुरू झाले, आणि तेथील कित्येक कारखान्यांत लोक कामाआधी ते करतात. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पाच तासांच्या कामामागे अर्धा तास विश्रांती दिली. पण तो अर्धा तास भाकरीचा. त्यात आळोखेपिळोखे कुणी द्यावेत?

म्हणून त्या कारखान्यात आम्ही मागणी उलटी केली. व्यायाम हवा, पण भोंग्यानंतर. आणि एकदाच दहा मिनिटे नको, दर दोन तासांनी तीन मिनिटे द्या. हजेरी घ्यायची नाही आणि अपघाताच्या चौकशीत तिचा उल्लेख करायचा नाही. पेट्यांसाठी दोन हातगाड्या हव्यात. आमच्याच सभासदांपैकी काहींनी नाके मुरडली. "पगारवाढ सोडून हे काय नाचकाम काढलंय, साहेब?" असे एका तरुणाने भर सभेत विचारले. त्याला उत्तर एका बाईंनी दिले, पॅकिंग खात्यातल्या. त्या उठल्या, उजवा हात वर केला आणि तो कानाच्या पुढे जात नाही हे सगळ्यांना दाखवून खाली बसल्या.

चार बैठकी झाल्या. हातगाड्या आल्या. दोन तासांची मागणी तीन तासांवर तुटली. मुकादम शिट्टी वाजवतो, यंत्रे थांबवता येतील ती थांबतात, लोक जिथल्या तिथे भिंतीशी, खांबाशी उभे राहतात. पहिल्या महिन्यात लाजून हसणे फार झाले, मग ते थांबले. त्या बाईंचा हात आता कानामागे जातो, पूर्ण नाही, पण वेणी घालण्यापुरता जातो. रात्रपाळीला मात्र शिट्टी अजून वाजत नाही. यंत्र थांबवले तर माल खराब होतो असे व्यवस्थापन म्हणते, आळीपाळीने सोडा असे आम्ही म्हणतो, आणि पुढची बैठक ज्येष्ठाच्या पहिल्या आठवड्यात आहे.